साडेसहाच्या आत

उद्या पावणेपाचला सामना.
अकिताकडे जूनमध्ये ऊन चारलाच येऊन बसतं,
दुकान उघडायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखं,
म्हणून आमचं बेसबॉल पहाटेचं,
ज्याच्या त्याच्या धंद्याआधीचं.

मी न्हावी. संघाचा क्रम मी लावतो
कारण सगळ्यांची डोकी माझ्या हाताखालून गेलीत.
कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडलं,
पाठकोऱ्या बाजूला एक ते नऊ आकडे मांडले.
आकडे मांडायला काय लागतं.

लोकांना वाटतं, पळतो तो पहिला,
लांब मारतो तो चौथा.
असेल तसं मोठ्या मैदानांवर.
आमच्याकडे आधी विचारायचं असतं:
तुला कितीला निघायचंय?

इशिगोओका टोफूवाला.
सहाला त्याची फळी उघडली नाही
तर आख्खी आळी त्याच्या नावानं बोटं मोडते.
म्हणून तो पहिला. पळतो मात्र
भरली बादली घेतल्यासारखा, हिंदकळू न देता.
पहिल्याला निदान दोनदा बॅट मिळते, मग तो सायकल काढतो,
त्याच्या जागी बाकावर जागं असेल ते कुणीही.

दुसरा चिमोरी, टेकडीवरच्या देवळाचा पुजारी.
सहाची घंटा त्याची.
एकदा सामना लांबला, गणवेशातच वाजवली.
म्हाताऱ्या म्हणाल्या, आज घंटा जरा खुशीत होती.
तिसरी तोझावा, दूध संघातली; टँकर सहा-दहाला.
शाळेची बस नुकागाची, तो पाचवा.
कुबोता हॉस्पिटलातून रात्रपाळी उरकून थेट येतो,
त्याला नववा ठेवतो,
तेवढ्यात एक झोप होते.

आणि चौथा कामादा.
एकवीस वर्षं चौथा. पोस्ट नऊला उघडायचं,
त्याला घाई नसायची, आणि चेंडू तर
नदीपल्याडच्या मुळ्याच्या वाफ्यात सापडायचे.
मार्चअखेर निवृत्त झाला.
हल्ली चेंडू जाऊन बसतो
आणि मग त्याची बॅट विचारते, आला का?

आज दुपारी केस कापायला आला.
बारा दिवसांपूर्वीच कापले होते.
मी चादर गुंडाळली, पाणी मारलं
आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं:
उद्या कितीला निघायचंय?

आरशात त्यानं स्वतःला नाही,
मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला पाहिलं.
आरशातलं घड्याळ उलटं चालतं.
बराच वेळ कात्रीच बोलत होती.
मग म्हणाला,
मला पहिला लिही.
सहाला निघायचंय म्हणून सांग सगळ्यांना.

कुठे, ते मी विचारलं नाही.
न्हाव्यानं मानेवरचे केस झटकावेत,
मान वर करायला लावू नये.

आता रात्रीचे अकरा.
एक नाव वर सरकवलं की
सगळी उतरंड हलते.
टोफूवाल्याला फोन केला. मागे घरघर चालली होती जात्याची.
म्हटलं, तुला उद्या दुसरा टाकतोय, पाच मिनिटं जातील.
कशासाठी, हे त्यानंही विचारलं नाही.
म्हणाला, पाच मिनिटांत टोफूचा काही दगड होत नाही.
पुजारी म्हणाला, घंटा काय, मी पोचलो की सहा.
तोझावानं मात्र फोनवर चार शब्द सुनावले.
बरोबरच आहे तिचं, टँकर थांबत नाही.
तिला दुसरीच ठेवली, टोफूवाल्याला तिसरा,
चिमोरीला पाचवा, नुकागाला सहावा.
खोडून खोडून मे महिन्याला भोक पडलं.

उद्या सहाला कामादा हेल्मेट काढेल,
घाईघाईनं सगळ्यांना वाकेल,
माफ करा, जरा आधी निघतो,
आणि पुलापर्यंत जोरात पॅडल मारेल.
पुलापलीकडचं
या यादीत येत नाही.

राहिली चौथी जागा.
तिथे हवा असा माणूस
ज्याला शेवटच्या चेंडूपर्यंत थांबता येईल.
मी एरवी आठवा; लागला तर चुकून लागतो.
पेन्सिलीला टोक केलं
आणि चारपुढे माझंच नाव लिहिलं.
उद्या सोमवार. दुकान बंद.
मलाही कुठे जायचं नाही.