काठ

इलारियो बाएसा आधी झाड बघतच नाही.
वाकतो, एक पान बोटांत धरतो
आणि अंगठ्याचं नख काठावरून उलटं ओढतो,
टोकाकडून बुडाकडे.
मग म्हणतो, "लिही."

मॅरेथॉन गावाच्या दक्षिणेला बावीस मैल,
एप्रिल, सकाळचे सात.
गॅसवाहिनी जाणार त्या पट्ट्यात
चुनखडीच्या उतारावर युक्काची झाडं,
सगळी एकाच घरची वाटावीत अशी:
डोक्यावर भाल्यांचा गोल झुपका,
कमरेला मेलेल्या पानांचा राखाडी घागरा.
एका जातीला निळी फीत.
फीत असली तर मुळासकट उचलून पलीकडे लावतील.
नसली तर नाही.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांनाच निळी बांधली.
दया म्हणून नव्हे, मला फरकच कळेना.
त्याने एकेक सोडली,
घडी करून खिशात ठेवली.
"ही बघ, अरुंद पान, काठाला पांढऱ्या दशा,
जुन्या घोंगडीला सुटतात तशा.
ही साबणाची. हिचं मूळ चेचून आई आमची डोकी धुवायची,
डोळ्यांत गेलं की आम्ही बोंबलायचो.
ही दुसरी रुंद, पन्हळीसारखी,
हिच्या दशा जाड, कुरळ्या,
रंध्याखालून निघाव्यात तशा.
हिचं फळ गरदार, लोंबतं, गुरं सोडत नाहीत.
एवढ्यासाठी कुणी पगार देत नाही.
पगार पुढच्या दोघींसाठी."

पुढच्या दोघी.
दोघींच्या काठाला दशा नाहीत,
दोघींना पिवळसर कड, कडेला दात
डोळ्याला न दिसणारे, नखाला कळणारे.
बोंडं दोघींची वाळकी, उभी, चोचीची.
एकीचं पान हातभर, निळसर, वाऱ्यात लवणारं.
दुसरीचं वीतभर, ताठ,
ती ठेंगणीच राहते आणि लवकर फांद्या फोडते.
हे झालं कागदावर.
उतारावर वीत आणि हात यांच्या मधली
सगळी मापं उगवलेली असतात.

एकशे बारा नंबरपाशी तो थांबला.
पान दीड वीत. निळं, पण ताठ.
दोन डोकी, त्यातलं एक वाळलेलं.
नख ओढलं. पुन्हा ओढलं.
गेल्या वर्षीच्या तुऱ्यावरचं बोंड तोडून
तळहातावर फोडलं:
काळ्या चपट्या बिया, नाण्यांसारख्या रचलेल्या,
चार-पाच अळीने पोखरलेल्या.
"पतंगाला ठाऊक असेल," मी म्हटलं.
"पतंग विचारत नाही," तो म्हणाला,
आणि घायपाताच्या तोकड्या सावलीत
डबा उघडून बसला.

रेडिओवर स्ट्रिकलंड: किती राहिली?
एक.
एकाला एवढा वेळ?
इलारियोने आवाज बारीक केला,
घास संपवला.
"पुस्तकंही भांडतात. एक म्हणतं,
या दोघी वेगळ्या नाहीतच."
"मग?"
"मग काय. पुस्तकाला फीत बांधायची नसते."

ऑगस्टमध्ये नवी बोंडं पिकली की सांगतो, म्हणाला.
जूनमध्ये यंत्रं येणार होती, हे त्यालाही माहीत होतं.
तक्त्यात दोन रकाने.
त्याने एकशे बारा हा आकडा
दोन्हींच्या मधल्या रेघेवर लिहिला,
इतका बारीक
की रेघच जरा जाड वाटावी.

मग पान माझ्या हातात दिलं. "तू बघ."
मी अंगठा ओढला, काही लागलं नाही:
माझी नखं लहानपणापासून
मांसापर्यंत कुरतडलेली.
तो जीपकडे गेला, पाठमोरा,
गरजेपेक्षा जास्त वेळ पाणी प्यायला.
तेवढ्यात मी फीत बांधली.
परत आला तेव्हा तिच्याकडे त्याने बघितलं नाही,
म्हणजे बघितलं असणार.
"एकशे तेरा," म्हणाला.

त्या आठवड्यापासून मी
उजव्या अंगठ्याचं नख वाढवते आहे.