पोटखराब

नाव ठेवायचं नाही, हा इथला पहिला नियम.
म्हणून ती सात.
ओतूरच्या फडात, शेवटच्या सरीत सापडली.
तोडणीवाल्यांनी घमेल्याखाली झाकली
आणि बिबट्याचं पिल्लू म्हणून गावभर फोन गेले.
माणसं काठ्या घेऊन आली. घमेलं उचललं, तर
ओंजळीत मावेल एवढी वाघाटी,
फिस्कारणं मात्र बिबट्याच्या मापाचं.

तीन रात्री तिचा क्रेट बांधावर ठेवला.
आई येते, वासावर येते, असं डॉक्टर तनुजा सांगत होत्या.
चौथ्या सकाळी आळेफाट्याच्या रस्त्यावर
गंजाच्या ठिपक्यांचं काहीतरी चपटं दिसलं.
मी गाडीतून उतरले, पुन्हा बसले.
क्रेट घेऊन आम्ही पुण्याला आलो.

तेव्हापासून मी आंघोळीचा साबण सोडला.
तिला माणसाचा वास लागू नये म्हणून.
बसमध्ये बायका सरकून बसतात,
मला बरंच पडतं, खिडकी मिळते.

तिच्यासाठी स्थळ शोधायला दोन वर्षं लागली.
सगोत्र नको, म्हणून रक्ताच्या नळ्या हैदराबादला गेल्या.
'आमच्या वेळी एकनाडी बघायचे,
तुमच्यात मांजराचीही बघतात होय?' सासूबाई म्हणाल्या.
अकरा नंबरचा आला नाशिककडून,
पहिला हिवाळा दोघं पाठीला पाठ लावून बसली.
दुसऱ्या हिवाळ्यात एका रात्री कॅमेऱ्यात
नुसतंच गवत हललं.
अडुसष्टाव्या दिवशी दोन पिल्लं.
एक चौथ्या दिवशी गेलं.
वहीत वेळ लिहिली: पहाटे ३.४०.
वहीत एवढंच लिहायचं असतं.

दुसरी जगली. डोळे उघडले, उंदीर मारला,
पाल मारली, माझी चाहूल लागली की
फांदीच्या मागे अशी विरघळायची
की मला घरी जाऊन शांत झोप लागायची.

आता सोडायची कुठे?

नकाशावर पुरंदरचा माळ पिवळा दिसतो.
जाऊन पाहिलं तर चुन्याच्या रेघा,
सिमेंटचे खुंट, कमानीवर 'ग्रीन व्हॅली फेज दोन'.
गवत जाळून साफ केलेलं,
भोकरं तोडलेली, वारूळ फोडून सपाट.
सगळं तयार होतं, राहणारं कुणी नव्हतं.

मधे एकच तुकडा उरला होता,
चंद्रभागा झुरंगे यांचा.
सातबारा त्यांनी पिशवीतून काढून दाखवला,
बोट ठेवलं: पोटखराब, दोन हेक्टर अकरा आर.
'खडक आहे बाई. सासऱ्यांनी कुळीथ टाकला, तोही उगवला नाही.
पुतणे म्हणतात वीक. मी म्हणते,
ज्यानं कधी काही दिलं नाही
त्याच्याकडून आता कशाला मागायचं?'

दोन हेक्टर म्हणजे काही नाही.
हिशेब मला येतो.
ओढ्यापलीकडची वनखात्याची टेकडी धरली
तर एक मादी फिरेल, जेमतेम.
मधला रस्ता रात्री तरी रिकामा असावा लागेल.
अर्ज दिला आहे. पोच मिळाली आहे.

मार्गशीर्षात खोक्याचं दार वर ओढलं.
पहिल्या रात्री ती आलीच नाही बाहेर.
दुसऱ्या रात्री नाक.
तिसऱ्या सकाळी खोकं रिकामं,
निवडुंगाखाली सरड्याची शेपटी.

सात इथेच राहील. तिला माझ्या पावलांची सवय झाली,
तो गुन्हा माझा.
तिच्यासमोर मी अजून बोलत नाही.

परवा चंद्रभागाबाईंचा फोन आला.
तलाठ्याचा पोरगा पीक पाहणीला आला होता,
मोबाइलवर पिकाचा फोटो मागत होता.
'मी म्हटलं, माझं पीक रात्री उगवतं,
तुझ्या त्या डबीत यायचं नाही.'
'मग काय लिहिलं त्यानं?'
'निरंक,' त्या म्हणाल्या,
आणि पलीकडून बराच वेळ
फक्त वाऱ्याचा, गवताचा आवाज येत राहिला.