शेवटचा डबा

फॉर्मवर दोन चौकटी होत्या.
सोपे. किचकट.
खाली बारीक टाइपात:
ग्राहकास योजना कशी वाटली, एकावर खूण करा.

समोर दौलत फिरके,
भुसावळ यार्डात एकतीस वर्षं मालगाडीचे गार्ड.
नातीच्या नावाने महिना हजार टाकायचे म्हणत होते.
मी घोकलेलं बोलून टाकलं:
काका, हा फंड स्वतः काही ठरवत नाही.
निर्देशांकात ज्या पन्नास कंपन्या, त्याच यात, त्याच वजनाने.
तो चढला की हा चढतो, उतरला की उतरतो.

"म्हंजे ब्रेकव्हॅन.
इंजिन जिकडं, तिकडं आम्ही. सोपं हाये भो."

माझं पेन पहिल्या चौकटीवर टेकलं.

"पन धक्का?"
कसला धक्का?
"इंजिन सुटलं की ब्रेकव्हॅन लगेच नाही हलत.
अठ्ठावन डब्यांच्या कपलिंगा एकेक ताणत येतात
आन् मंग आपल्या हातातला चहा सांडतो.
यात किती सांडतो?"

मी खर्चाचा आकडा दाखवला, शून्याच्या पुढचा.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो वाचला,
मग बोटांवर वीस वर्षं मोजली.

"सिक डबा कोण काढतं गाडीतून?"
समिती असते. वर्षातून दोनदा बसते.
"खडूची फुली मारताना दिसते का आपल्याला?"

का कोण जाणे, मग मीच
न विचारलेलं सांगून बसलो:
परदेशात काही फंडांकडे डबेच नसतात, काका.
दुसऱ्या कुणाचा कागद असतो,
गाडी धावेल तेवढं देऊ, एवढाच.
हा तसला नाही.

"बिल्टी हाये, माल नाही,"
ते हळूच म्हणाले. "आन् नाव?"
नाव जवळपास हेच.

पंखा फिरत होता. चहा आला, गार झाला.

"गार्डाकडं इंजिन नसतं, पन ब्रेक असतो."
यात उतरता येतं, म्हटलं, केव्हाही.
"चालत्या गाडीतून."
तो प्रश्न नव्हता.

तरी सही केली, सावकाश, आडनावासकट.
मी खूण कुठं करतो ते पाहिलंही नाही.
नागपूरकडून कोळशाची गाडी येत होती,
ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.
इंजिन गेलं, त्यांनी मान वळवली नाही.
शेवटच्या डब्यावरची एल.व्ही.ची पाटी दिसली
तेव्हा कुठे खिशातून रुमाल काढला.

"गाडी पुरी आली का,
ते इंजिनाला नसतं कळत."

फॉर्म अजून टेबलावर आहे.
पहिल्या चौकटीत शाईचा एक ठिपका,
त्याला खूण म्हणायची की नाही
हे साहेबांना विचारायचं राहिलंय.