नऊ मिलिमीटर

उजव्या कुशीत दुखत होतं म्हणून गेले
आणि डाव्या बाजूला गाठ निघाली.

शेवटून दुसरी ओळ. इंग्रजीत.
अक्षर जाडही नव्हतं, बाकीच्यांसारखंच.
अशोक चौकातून रिक्षानं घरी येईपर्यंत
लिफाफा मांडीवर आडवा धरून बसले,
उभा केला तर सांडेल जसं काही.

नागेशनं तो शब्द मोबाइलमध्ये घातला.
मोबाइलनं आधी त्याला घाबरवलं, मग त्यानं मला.
शेजारच्या अंबव्वाला भिंतीतून ऐकू गेलं.
ती ताटलीत शेंगाचटणी घेऊन आली
आणि जावेच्या नणंदेचं सांगायला लागली.
"तिचीबी अशीच बारीक होती."
चटणी तशीच राहिली. ताटलीही आमच्याकडंच.

बावीस वर्षं मी टॉवेल तपासते,
एमआयडीसीत, ट्यूबलाइटखाली, उभ्यानं.
तुटका ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग.
गाठी तर मोजतच नाही.
सूत तुटतं, लूमवाला जोडतो, गाठ राहते.
बोटाला लागते, डोळ्यांना दिसत नाही.
असले टॉवेल मी रोज शेकड्यानं पुढं सरकवते,
कुणाकुणाच्या पाठी पुसत ते वर्षानुवर्षं टिकतात.
जिच्यापासून वीण उसवत निघालीय
तेवढीच गाठ खडूनं घेरायची.
हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं,
तिसऱ्या-चौथ्या वर्षी हातालाच कळलं.

मग स्वतःच्या कापडावर हात का बधिर झाला?

कलशेट्टी डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.
बाहेर चव्वेचाळीसचं ऊन, वर पंखा नुसताच फिरत होता.
"पाण्याचा बुडबुडा आहे. भिंत पातळ, आत काही नाही.
पन्नाशीनंतर पुष्कळांना असतो, कळतही नाही.
मशीनला दिसलं की लिहावं लागतं.
लिहिलं म्हणजे काही झालं, असं नाही."
"औषध?"
"नको."
"परत सोनोग्राफी?"
"याच्यासाठी नको."
"आणि वाढली तर?"
त्या हसल्या नाहीत, हे बरं केलं.
"ही वाईट असती तर अशी दिसली नसती."
मी विचारलं, "म्हणजे पास?"
त्यांना कळलं नाही.

मग उजव्या कुशीचं काय?
रिपोर्टात तिच्याबद्दल एक अक्षर नाही.
त्यांनी बोटांनी दाबून पाहिलं,
आणि विचारलं, कामाला उभ्या कशा राहता?
मी उठून दाखवलं.
टेबल नव्हतं, तरी कंबर बरोबर तिथंच टेकली.

लिफाफा रेशनकार्डाच्या पिशवीत गेला.
ताटलीत गूळ घालून अंबव्वाची ताटली परत केली.
आज पाळीला लवकर गेले.
सेकंडमधला एक टॉवेल उचलला,
चार घड्या घातल्या,
आणि टेबलाच्या कडेला, कुशीच्या उंचीवर,
सुतळीनं बांधून टाकला.
निरगाठ मारली, सुटायला नको.