आपापली खुर्ची आणावी

पुंता अरेनासमध्ये वारा पिसाळला
की चौकात दोर बांधतात.
माणसं दोराला धरून रस्ता ओलांडतात,
पाद्री, पोस्टमन, रात्रीचे दारुडे, सगळे एकाच दोराला,
आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

माझे वडील दोर धरत नसत.
मेंढ्यासारखं डोकं पुढे करून चालायचे.
घरात आले तरी तसेच.

जूनमधली सकाळ. आठ वाजले तरी मिट्ट काळोख.
रायेन टोपी घालेना.
लोकर टोचते, म्हणाली.
एकदा, दोनदा, सातव्यांदा,
आणि माझी मूठ मला न विचारताच गेली
स्वयंपाकघराच्या दारात.
पातळ प्लायवूड. आरपार.

ती रडली नाही.
जवळ आली, भोकाच्या कडेला बोट लावून पाहिलं,
म्हणाली, "बाबा, त्याला लागलं का?"
आणि टोपी घातली. आपणहून. कानांखाली ओढून.
ती टोपी घातली तिनं,
हेच मला अजून सोसत नाही.

भोकावर मी टायर कंपनीचं कॅलेंडर लावलं.
ग्लाडिस रात्रपाळीहून आली.
"इथे कशाला?"
"तारीख कळायला."
महिना संपला तरी तिनं पान उलटलं नाही.

डान्कोच्या गॅरेजमध्ये मी नट आवळत होतो.
त्यानं माझी सुजलेली बोटं पाहिली.
"दार की भिंत?"
"दार."
"माझी भिंत होती," तो म्हणाला, आणि जॅक खाली घेतला.
मग हात पुसत, दुसरीकडे बघत:
"गुरुवारी रात्री ये.
खुर्ची आपली आपण आणायची."

गेलो.
खुर्च्या सगळ्या वेगवेगळ्या घराण्यांतल्या:
एक बागेतली, एक दंतवैद्यानं टाकून दिलेली,
निबाल्दोची तर मासळीची पेटीच, पालथी.
मी जेवणाच्या टेबलाची आणली होती, फुलाफुलांच्या उशीसकट,
आणि उगाच ओशाळलो.

मध्ये शेगडी, तिच्यावर किटली.
मातेचा एकच भोपळा, एकच नळी, हातोहात.

निबाल्दो खेकड्यांच्या बोटीवर असतो, तीन-तीन महिने.
म्हणाला, "घरी गेलो की माझी पोर मला
अहो म्हणते."
मग बराच वेळ फक्त पत्रा वाजत होता.

एलिएसेर बस चालवतो. बायको जाऊन वर्ष झालं.
गाडी ओढायच्या दोराचे पेड सोडवून
तो त्यावर वेणी घालायला शिकत होता.
"रोज उजवीकडे वाकडी होते," म्हणाला,
"शाळेत हसतात तिला."
आणि तसाच, बोटं चालू ठेवून, रडायला लागला.
कुणी पाठ थोपटली नाही.
डान्कोनं दोराचं दुसरं टोक धरलं,
जरा ताणून,
वेणी घट्ट बसावी म्हणून.

माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.
तेव्हा म्हणालो,
"लोकर टोचत होती तिला.
घरी कुणी नसताना मी ती टोपी डोक्यावर चढवून पाहिली.
खरंच टोचते."

कुणी काही बोललं नाही.
निबाल्दोनं पेटी जरा पुढे सरकवली, शेगडीकडे, की माझ्याकडे,
मला सांगता येणार नाही.

इथली एक रीत आहे.
भोपळा परत देताना 'ग्रासियास' म्हटलं
की त्याचा अर्थ, पुरे.
पुढल्या फेरीत तो तुमच्याकडे येत नाही.

अकरा वाजता माझ्याकडे पाचव्यांदा आला.
पाल्यातला सगळा कडवटपणा उतरून गेलेला,
उरलेलं नुसतं कोमट पाणी.
बाहेर वाऱ्यानं कुणाचं तरी फाटक उघडलं, आपटलं, परत उघडलं.
मी प्यालो. नळीत खरखर होईपर्यंत.
भोपळा डान्कोच्या हातात दिला.

आभार मानले नाहीत.