पाच कुलपं

मंगळवार बाजारातल्या भंगारातनं
पाच पितळी कुलपं घेऊन आला.
चारांच्या किल्ल्या गायब, एकाची कडी तुटकी.
केगावच्या पुढं, हायवेच्या कडंला आमचं पाल.
उंच गडी. खांद्याला विद्यापीठाची पिशवी.
म्हनला, मावशी, वितळव.

मी म्हनलं, बाबा, आम्ही लोखंडाची मानसं.
विळा, खुरपं, कुऱ्हाडीला पानी.
पितळ तांबटाचं, त्याच्या गल्लीत जा.
गेला न्हाई.
भट्टीपुढं उकिडवा बसला,
आन बसला कसा ते बघून
गोमाजीनं चिमटा खाली ठिवला.
असं बसायला कालेजात शिकवत न्हाईत.

नाव सांगितलं, गिदाहोडा.
जिभंवर बसंना. होडा म्हनलं, चाललं त्याला.
आफ्रिकेत टांझानिया म्हनून मुलूख हाय,
तिथं खाऱ्या पान्याच्या तळ्याजवळ त्येची मानसं, दातोगा.
गुरंच गुरं. काट्याचं कुंपन, आत गाया, गायांच्या मधी घर.
आईच्या डोळ्याभवती गोंदन, गोल गोल,
जसं कुनी वाटी ठिवून आखलंय.
मी माझी हनवटी फुडं केली.
तीन ठिपकं. बघून खूश झाला.

पर ह्यो गुरंवाल्यांतला न्हवं, लोहारांतला.
मामा बानांची टोकं घडवतो,
रानातले शिकारी त्याबदल्यात मध देत्यात.
शहरातली मोडकी कुलपं वितळवून बायकांची कडी करतो.
"गुरंवाले आमच्यात पोरगी देत न्हाईत,
पर त्यांच्या पोरींच्या हातातली कडी आमचीच."
हे त्यो हसत म्हनला.
मी हसले न्हाई.
गाव आमच्या हातात कुऱ्हाड देतं, धार लावायला.
ओसरी देत न्हाई.
आदी खळ्यावर सुपानं जवारी तरी मिळायची,
आता फोनवर पैसं येत्यात, शंभरातले वीस कमी.

"तुमच्यात ह्याला काय म्हनत्यात?"
कुफुली, म्हनला.
परत म्हन.
कुफुली.
कुलूप, म्हनलं मी.
दोघं गप. ट्रक गेला एक, दोन.
कोन कुठल्या जहाजात बसून कुठं उतरलं, द्येव जाने.
आन गंमत बघा,
आमच्या पालाला दार न्हाई, त्येच्या कुंपनाला दार म्हंजी काट्याची फांदी.
दोघांच्या सात पिढ्यांनी कुलूप लावलं नसंल,
शब्द तेवढा दोघांकडं.

मग काय, मूस मांडली.
त्यानं माती मागितली, शेन मागितलं, मळलं, साचा केला.
आमचा भाता आता सायकलच्या चाकाचा, हातानं फिरवायचा.
त्येच्या मामाकडं बकऱ्याच्या कातड्याच्या दोन पिशव्या,
एक दाबली की दुसरी फुगती.
चाक फिरवताना त्येचा डावा हात
उगाच हवेत दाबत व्हता.

पयल्यांदा साचा फुटला. गोमाजीनं शिवी घातली.
होडानं पन घातली, त्याच्या भाषेत,
शिवी मात्र कळली.
दुसऱ्यांदा वतलं तवा ऊन बेचाळीसवर आसंल,
भट्टीचं निराळं.
पितळ पान्यासारखं झालं, हिरवी ज्योत उठली,
जमनी, माझी धाकटी, दूर सरकली आन परत जवळ आली.

कडं झालं. एका जागी काळा डाग,
तुटक्या कडीतलं लोखंड आलं वाटतं त्यात.
घासून द्येते म्हनलं.
"नको. राहू द्या. लोखंड तुमचं."

जमनीच्या हाताला मोठं झालं.
कोपरावर सरकवलं, तिथं बसलं.
गोमाजी म्हनला, पोरगी मोठी हुतीया, खाली यील.
होडानं पैसं काढलं. गोमाजीनं घेतलं, निम्मं.
मी काय बोलले न्हाई.

संध्याकाळी राख काढताना किल्ली घावली.
पाचांतल्या एकाला व्हती, मीच काढून ठिवली व्हती बाजूला.
आता तिचं कुलूप
जमनीच्या कोपराला लटकतंय,
शेळ्यांमागं पळतंय.
किल्ली मी कंबरंच्या पिशवीत टाकली.
काय उघडनार हिनं?
तरी टाकली.