दोन सूत

सलमाबादला, पत्र्याच्या शेडमध्ये,
बू राशिदनं चावी माझ्या हातावर ठेवली
आणि म्हणाला, हिला आठ सिलिंडर पाहिजेत.
हिरवी एमजी, दोनच माणसांची,
इतकी बुटकी की बॉनेटमध्ये वाकलं
तर आपल्याच गुडघ्यांशी बोलल्यासारखं वाटतं.
आधी बापानं चालवलेली, चार सिलिंडरवर.

अंगापेक्षा बोंगा मोठा होईल, शेख, मी म्हटलं.
मराठीतच म्हटलं.
त्यानं मान डोलावली,
जणू अरबीतही असंच म्हणतात.

साखळी ओढताना शाजी मल्याळममध्ये आकडे मोजत होता.
जुनं इंजिन वर आलं, लोंबकळलं,
तेलाचे चार थेंब खाली पडले
नेहमीच्याच डागावर.
भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चढवली
आणि मी तोंडघशी पडलो:
जुनं ओतीव लोखंड, नवं अॅल्युमिनियम,
मोठं ते वीस किलोनं हलकं.
उद्यमनगरात माझ्या बापानं जन्मभर
ओतीव लोखंडालाच इंजिन म्हटलं.
फोनवर सांगितलं तर म्हणाला,
हलकं आहे म्हणजे वाजणार लेका.

मग मापं.
खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आत धरला.
फायरवॉलपाशी दोन सूत कमी.
पुढं सरकवावं तर रेडिएटर,
खाली बसवावं तर क्रॉसमेंबर,
डावीकडं स्टिअरिंगची दांडी,
ज्याच्या त्याच्या नावावर सातबारा,
कुणी बोटभर हलायला तयार नाही.

शेवटी हातोडा उचलला.
तर टॉर्च धरलेला मोफिजुल म्हणाला,
थांबा, इथं काहीतरी लिहिलंय.

तेलाची खपली खरवडली.
खाली खिळ्यानं कोरलेलं, आपल्याच अक्षरात:
वायर इथून नको.
नाव नाही, साल नाही.
‘नको’च्या ‘क’चं शेपूट
रंग फाडून पार पत्र्यापर्यंत गेलेलं.
मी ते दोनदा वाचलं.
या शेडमध्ये अकरा वर्षं झाली,
मराठीत मला कुणी ओरडलं नव्हतं.

कोण होता, बू राशिदला विचारलं.
मनामाचा एक हिंदी, बाप त्याच्याकडंच न्यायचा.
नाव?
उस्ताद, तो म्हणाला.
मलाही तो तेच म्हणतो.

अक्षरं सोडून चार बोटं खाली पत्रा ठोकला,
दोन सूत मिळवलं.
वायर मात्र तिथूनच काढली.
भोक आयतं होतं, रस्ता जवळचा होता,
आणि आठ सिलिंडरचं त्या काळच्या माणसाला
काय कळणार?

झल्लाकच्या रस्त्यावर, रात्री अकरा वाजता,
अडतीस डिग्रीत, छप्पर उघडं.
गाडी ओरडली नाही,
घसा खाकरला आणि निघाली.
तिसऱ्या गियरला बू राशिदची टोपी गेली,
चौथ्याला तो बापाला हाक मारावी तसं काहीतरी बोलला,
वाऱ्यात मला कळलं नाही.
मग डॅशचे दिवे विझले.
मग वास.
मग बॉनेटच्या फटीतून धूर,
उदबत्तीएवढाच.

रस्त्याकडेला उभे राहिलो.
एक्झॉस्टला टेकून वायर वितळली होती,
नेमकी त्या ओळीखाली.
काय झालं, त्यानं विचारलं.
सांगितलं होतं मला, मी म्हटलं.
कुणी?
उस्तादनं.
तो इतका हसला
की पाण्याची बाटली माझ्या पायावर सांडली.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, इंजिन परत वर काढलं.
वायर चासीच्या कडेनं, लांबून फिरवली,
चार फूट जास्त लागली.
मग खिळा शोधला,
जुन्या ओळीखाली जागा पुसून घेतली
आणि लिहिलं:
खरंच नको.

काय लिहिलंस, शाजीनं विचारलं.
सही, मी म्हटलं.

साखळी सैल केली. इंजिन खाली बसत गेलं,
दोन्ही ओळी त्याच्यामागं गेल्या.
जुनं कोपऱ्यात स्टँडवर आहे.
मोफिजुल त्याच्यावर डबा ठेवतो.
खाली अजून, दिवसाला एखादा,
थेंब पडतो.